पट्टा सुटल्यावर

मार्चमध्ये केस दुखायला लागले.
डोकं नव्हे, केसच.
कंगवा फडताळात टाकला, चार दिवस तशीच राहिले.
ओड्वार म्हणाला, वादळातून आल्यासारखी दिसतेस.
मग वाळवलेला मासा चावेना.
सत्तर वर्षं खातेय तो, हातोडीने ठेचून, लोणी लावून.
आता तीन घास झाले की जबडा थांबायचा,
चढणीवर म्हाताऱ्याचे पाय थांबतात तसा.
मी दातांवर खापर फोडलं.

बेटावरचा डॉक्टर नवा, दाढीही धड न आलेला.
दोन बोटं कानशिलावर ठेवली आणि गप्प झाला.
शीर तिथे दोरीसारखी टरारून उभी,
आणि तिला ठोका नाही.
नजर कशी आहे, त्याने विचारलं.
पुन्हा विचारलं.
मी म्हटलं, काल एका डोळ्यावर पडदा आला होता. गेला.
समोरचा डबा त्याने न उघडता बाजूला सारला.
शिरेचा तुकडा तपासायचा होता, रक्ताचा निकाल यायचा होता,
तरी गोळ्या त्याच दुपारी सुरू.
"गेलेला डोळा परत येत नाही, आस्लाउग."
एवढंच बोलला.

बोडोच्या इस्पितळात मी माझी शीर पाहिली,
पडद्यावर, आडवी कापलेली.
भोवती काळं कडं, चंद्राला खळं पडतं तसं.
आमच्याकडे खळं दिसलं की बोटी वर ओढून घेतात.
इंगा मारेतला हे सांगितलं. ती मशीन चालवते.
म्हणाली, आम्हीही त्याला जवळजवळ तेच म्हणतो.

साठ मिलिग्रॅम.
तिसऱ्या दिवशी कंगवा फिरला, मी रडले.
आठव्या दिवशी झोप गेली.
जूनमध्ये सूर्य तसाही मावळत नाही,
रात्री अडीचला मी होडीघराची भिंत रंगवली,
लाल, दोन हात.
एका चमच्यावरून ओड्वारवर असं ओरडले
की तो कुंपण दुरुस्त करायला निघून गेला. कुंपण मोडलं नव्हतं.
आरशात एक गोल बाई आली आणि राहिली.
साखर वाढली. हाडांसाठी वेगळी गोळी, पोटासाठी वेगळी.
शिव्या देते त्यांना,
आणि एकही चुकवत नाही.

सप्टेंबरात पुन्हा बोडो.
कोपराच्या खाली पट्टा, फुगवून गच्च.
पाच मिनिटं हाताला रक्त नाही.
मग सोडायचं, आणि शीर किती रुंदावते ते मोजायचं.
इंगा मारेतने समजावलं:
आत एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं.
रक्त जोरात घासून गेलं की त्याला कळतं,
ते बाहेरच्या स्नायूला सांगतं, सैल हो.
तुमचं एप्रिलमध्ये काही सांगतच नव्हतं.

पहिल्या मिनिटाला बोटं पांढरी.
तिसऱ्याला ती माझी राहिली नाहीत.
धक्क्यावर मी एकतीस वर्षं फेरीचा दोर झेलला,
जानेवारीत हातमोजे गोठायचे,
तेव्हाही असाच हात परका व्हायचा.
इंगा मारेत घड्याळाकडे बघत होती, मी छताकडे.
फुस्स.
उष्ण काहीतरी मनगटाकडे धावलं.
"हलू नका," ती म्हणाली, "बोलू नका."
पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा.
मला तर जागच्या जागीच दिसल्या.
तीन पूर्णांक नऊ, ती पुटपुटली.
मग चार.
मग चार पूर्णांक एक.
केसाइतका फरक, मी म्हटलं.
हो, ती म्हणाली, एप्रिलमध्ये तेवढाही नव्हता.
हे गोळ्यांनी झालं का, विचारलं, तर खांदे उडवले:
गोळ्या एका हाताने देतात, दुसऱ्याने घेतात.
ते सगळं आम्ही अजून मोजतोय.

मंगळवारपासून साडेबारा.
तिथून अडीच-अडीचने खाली, डोकं दुखलं नाही तर.

परतीच्या फेरीला वारा होता.
धक्क्यावर नवा पोरगा, त्याने दोर खुंटाला असा आवळला,
एक बोटभर ढील नाही.
मी उतरायच्या आधीच वरून ओरडले,
सैल सोड, गाढवा, ओहोटी लागलीय,
लटकून तुटेल ना!
ओड्वार खाली उभा होता.
म्हणाला, अजून साठवरच आहेस वाटतं.